पखुर्डीला उतरायला जागा: माळावर पाणी ठेवायची माझी पद्धत

मी जेसीबी ऑपरेटर आहे, सतरा वर्षं झाली. उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नज-मार्डीच्या बाजूला जी शेततळी आणि चर दिसतात, त्यातले बरेच माझ्या बकेटनं निघालेत. तेव्हा खाली लिहिलंय ते पक्षीतज्ज्ञाचं नाही, खड्डे खणणाऱ्याचं आहे. पखुर्डी म्हणजे उघड्या माळावर, जमिनीवरच राहणारं पाखरू. तिच्यासाठी खड्डा कसा असावा हे मला उशिरा कळलं, आणि तेही दुसऱ्याच कामासाठी खणलेल्या एका खड्ड्यापाशी.

एप्रिल होता. एका शेततळ्याच्या बांधाची डागडुजी करायला सकाळी साडेसातला पोचलो. मशीन बंद करून चहाची वाट बघत बसलो, तर डोक्यावरून पंधरा-वीस पाखरं गेली. कबुतराच्या अंगाची, पण कबुतरापेक्षा सरळ आणि जोरात जाणारी. तोंडानं सारखं ‘कुत्-रो, कुत्-रो’. तळ्यावर त्यांनी तीन घिरट्या घातल्या आणि बाकीची माघारी वळली. पखुर्डीचा एक नर तेवढा काठावर उतरला. काठ म्हणजे प्लॅस्टिकचा कागद, आणि उतार मीच काढलेला, उभा. पाखरू घसरलं ते थेट पाण्यात. वर चढायला बघे, घसरे, परत बघे. शेवटी बांधावर पालथा पडून फावड्याच्या दांड्यानं त्याला कडेला ओढलं.

हातात घेतल्यावर पहिल्यांदा नीट बघितलं. वरचं अंग वाळूच्या रंगाचं, गालावर पिवळसर झाक, छातीवर काळ्या दोऱ्यासारखी एक रेघ, पोट गडद तांबूस. शेपटीतून सुईसारखी दोन पिसं बाहेर. पाय इतके आखूड की आहेत का नाहीत. पाठीवरचं पाणी थेंबाथेंबानं ओघळून गेलं होतं, पोटाचं मात्र जाईना. अंगठा लावला तर ओल्या घोंगडीतून निघावं तसं पाणी बोटांवर आलं.

शेजारच्या माळावर मेंढरं घेऊन आलेले आण्णा धनगर बांधावर येऊन उभे होते. म्हणाले, “सोड की लगीच. पिलांचं पाणी हाय ते.”

“पिलांचं म्हंजी?”

“पोटाला लावून नेतंय. पिलं पोटाखाली शिरून पिसं चोखत्यात. तुला ठावं न्हाई व्हय?”

मला वाटलं आण्णा चेष्टा करताहेत. नंतर कळलं, ही गोष्ट साहेबलोकांनाही पटली नव्हती. १८९६ साली मीड-वाल्डो नावाच्या एका इंग्रजानं पाळलेल्या पखुर्डीच्या जातीत हे बघून लिहून ठेवलं होतं. ते पक्कं धरलं गेलं १९६७ साली, केड आणि मॅक्लीन या दोघा संशोधकांनी आफ्रिकेत तपासल्यावर. आमच्या पखुर्डीच्या तिकडच्या भावकीतला नर एका खेपेला साधारण २५ मिली पाणी नेतो. म्हणजे चहाचे पाच चमचे. नराच्या पोटाच्या पिसांचे धागे कोरडे असताना पिळदार गुंडाळलेले असतात, भिजले की उलगडून उभे राहतात आणि मधे पाणी धरून ठेवतात.

त्या दिवसापासून मी माळावर पाण्याच्या जागा करतोय. आजवर पाच केल्या, त्यातल्या दोन फसल्या.

आधी बसा, मग खणा

पखुर्डी हे सुक्या बियांवर जगणारं पाखरू. किडामुंगीतून, हिरव्या पाल्यातून ओल मिळते तशी त्याला मिळत नाही, म्हणून रोज पाणी प्यावंच लागतं. सूर्य उगवून तास-दोन तास झाले की थवे पाण्यावर येतात. कडक उन्हाळ्यात काही वेळा संध्याकाळीही. वीण उन्हाळ्यात असते. जमिनीवर नुसता खळगा, त्यात बहुधा तीन अंडी, काडीकचऱ्याचं घरटंसुद्धा नाही. अंड्यांवर दिवसा मादी बसते, रात्री नर. म्हणजे माळ सगळ्यात कोरडा असतो तेव्हाच पिलांना पाणी लागतं.

म्हणून खर्चाच्या आधी मार्चमध्ये चार सकाळी माळावर जाऊन बसा. सात ते दहा. आवाज ऐकू येतो का, थवे कुठल्या दिशेला जातात ते वहीत लिहा. मी मशीनच्या तासांची जुनी वही घेतली; डाव्या पानावर तास, उजव्यावर पाखरं. थवे एकाच बाजूला जात असतील तर तिकडं जाऊन बघा. पाझर तलावाचा उथळ काठ, ओढ्यातलं डबकं, काहीतरी असणार. ते मे अखेरपर्यंत टिकत असेल तर नवीन काही करू नका; त्याच काठावरची वेडी बाभूळ काढा, बास झालं. माझी पहिली जागा फसली ती याच घाईनं. दीड किलोमीटरवर चांगला काठ असताना मी दोन दिवस घालवून नवी जागा केली, तिथं कावळे आले.

जमीन वनखात्याची असेल तर विचारल्याशिवाय फावडं लावू नका. आमच्याकडं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं आहे, कुठला गट कशात येतो हे गावातल्या निम्म्या लोकांना सांगता येत नाही. वनरक्षकाला आधी भेटलेलं बरं. गायरान असेल तर ग्रामपंचायत.

जागा कशी असावी

आपण माणसाच्या डोक्यानं विचार करतो: झाडाची सावली बघू, पाणी गार राहील. पखुर्डीला सावली नको. ती झाडावर कधी बसत नाही, तारेवर बसत नाही, आणि झुडपाजवळ उतरायला घाबरते, कारण झुडपाआड मांजर, कोल्हा, शिकरा काहीही असू शकतं. पाण्यापासून थोडी लांब उतरते, मान वर करून बघते, मग तुरुतुरु चालत येते. पिणं दहा-पंधरा सेकंदांत उरकतं. पिलांसाठी पोट भिजवणारा नर मात्र पाण्यात बसून अंग हलवत राहतो, त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ त्याला चारी बाजूंनी दिसलं पाहिजे.

तेव्हा जागेपासून चारी बाजूंना शंभर पावलं उघडी हवीत. विजेच्या तारांखाली नको. पखुर्डी जोरात येते, आणि तारांना धडकून माळढोकांचं काय झालं ते आपण बघतोय. वस्तीपासून लांब, कारण वस्तीबरोबर कुत्री येतात. रस्त्यावरून दिसेल अशी नको. शिकारीला कायद्यानं बंदी आहे, तरी पाण्यावर जाळं लावणारा अजून सापडतो. जागा झाल्यावर तिचा फोटो, लोकेशन गावाच्या ग्रुपवर टाकू नका. फोटोवाले तर आणखी वाईट, आधी तंबू ठोकतात, मग पाखरू का येत नाही म्हणून आपल्यालाच विचारतात.

खड्डा नव्हे, परात

आकार मोठा केला की पाणी जास्त टिकेल असं मलाही वाटायचं. हिशेब उलटा आहे. मे महिन्यात आमच्याकडं उघड्या पाण्याची पातळी उन्हा-वाऱ्यानं दिवसाला सहज सेंटिमीटरभर उतरते. चार मीटर रुंद गोल केला तर दिवसाला सव्वाशे लिटर नुसतं उडून जातं. दोन मीटर केला तर तीस लिटर. आणि पन्नास पखुर्ड्या मिळून पितात किती? लिटर-दीड लिटर. गावात टँकर आठ दिवसांनी येत असताना सव्वाशे लिटर उन्हाला पाजायचं मला जमणार नाही, तुम्हीही पाजू नका.

माझं माप: दोन मीटर व्यास, मध्यभागी दहा सेंटिमीटर खोल. कडेपासून मध्यापर्यंत मीटरभरात दहा सेंटिमीटर उतार, एकास दहा. मावतं शंभर-सव्वाशे लिटर. परात डोळ्यासमोर ठेवा, फक्त तिला काठ नाही. कड जमिनीच्या बरोबरीत आली पाहिजे. विटांचा कट्टा, रंग, देणगीदाराचं नाव असलं काही नको. मी दुसरी जागा केली तिला चार इंच काठ ठेवला होता, गाळ आत येऊ नये म्हणून. पखुर्डीचे पाय विसरलो. थवा आला, काठाभोवती चालत फिरला आणि उडून गेला. आठवड्यानं छिन्नी-हातोड्यानं काठ फोडला.

याला मशीन लागत नाही. टिकाव, फावडं, घमेलं आणि दोन माणसं, दीड दिवस.

मधोमध खुंटी ठोका, मीटरभर दोरीनं गोल आखा. अस्तराची जाडी धरून कडेला आठ आणि मध्यात अठरा सेंटिमीटर खणा. तळ ओला करून धुम्मसानं ठोका, पाय दाबून बसला नाही पाहिजे. मुरूम असेल तर छान बसतो. काळी माती लागली तर जागा बदला. ती फुगते-आकसते, वरचं सिमेंट पहिल्याच उन्हाळ्यात तडकतं. नुसत्या काळ्या मातीचं अस्तर तर अजिबात नको, सुकलं की बोट जाईल अशा भेगा. प्लॅस्टिकचा कागदही नको, का ते वर सांगितलंच आहे.

मग एकास दोनास चार माल: सिमेंट दोन पोती, वाळू चार, बारीक खडी आठ. मधे कोंबडीची जाळी घाला. तीन इंच जाडी. थापीनं गुळगुळीत करणारा गवंडी भेटला तर त्याचा हात धरून थांबवा. पृष्ठभाग ओला असतानाच खराटा फिरवायचा, कडेपासून मध्याकडं, आणि वरून मूठ-मूठ चाळलेला मुरूम भुरभुरायचा. पाय ठरतो आणि रंगही माळासारखा दिसतो. आठ-दहा दिवस ओली पोती टाकून पाणी मारा. त्यानंतर भरलेलं पहिलं पाणी पाखरांसाठी नाही. सिमेंटची चुनखडी उतरते त्यात. दोनतीनदा भरून, दोन-दोन दिवस ठेवून काढून टाका, मग खरं भरा.

मध्यात दोन-चार चपटे दगड ठेवा. चंडोल, माळटिटवी, धाविक यांना उपयोग होतो. पडलेली मधमाशीही चढून येते.

भरायची वेळ संध्याकाळची. सकाळी सात ते दहा तिकडं फिरकायचंच नाही. मे महिन्यात दर दोन दिवसांनी साठ-सत्तर लिटर लागतात, म्हणजे मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी पस्तीसचे कॅन बांधले की झालं. बॅरल आणि नळी लावणार असाल तर बॅरल परातीपासून लांब, पण परातीपेक्षा थोड्या उंच जागी ठेवा. आठवड्यातून एकदा भर दुपारी सगळं पाणी काढून, काथ्या आणि वाळूनं घासून, ऊन खाऊ द्या आणि संध्याकाळी पुन्हा भरा. डासाच्या अळीचा डास व्हायला आठवडाभर लागतो, तेवढ्यात तिचा निकाल लागतो. ब्लीचिंग पावडर, साबण, फिनेल काही नको.

मेंढरं येणार. आण्णांचं आणि माझं ठरलंय: मेंढरांचं पाणी वेगळ्या हौदावर, आणि परातीकडं अकराच्या आत कळप आणायचा नाही. हे भांडून होत नाही, चहा पिऊन होतं.

शेततळं आधीच असेल तर

‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ ला आली, त्याच्या आगेमागे आमच्याकडं तळ्यांची कामं इतकी होती की मशीन थंड होत नव्हतं. पाणी साठलं ही खरी गोष्ट आहे, माझ्या भावाची डाळिंबं त्यावर जगली. पण कागद लावलेलं तळं हे माळावरच्या जिवांना पाणी दाखवणारा सापळा आहे. दोन कामं करा.

एक, कागदावर चढायला वाट द्या. ज्यूटची पोती बारीक वाळूनं तीनचतुर्थांश भरा, जाड काथ्याच्या दोरानं एकाखाली एक बांधा आणि एका कोपऱ्यात बांधापासून तळापर्यंत सोडा. तळापर्यंत, कारण पाणी उतरत जातं आणि अर्धी वाट कामाची नाही. दोराला हातभर अंतरावर गाठी मारा. बारीक नायलॉनची जाळी वापरू नका, नखं अडकतात. जुने टायरही नकोत, त्यातली तार कागद फाडते आणि मग मालक तुम्हाला फाडतो.

दुसरं, ही वाट जीव वाचवायला आहे, पाणी प्यायला नाही. पखुर्डी त्यावरून उतरत नाही. तिच्यासाठी बांधाच्या बाहेर, मोकळ्या बाजूला वर सांगितलेली परात करा आणि तळं भरताना अर्ध्या इंची नळीनं तिकडं पाणी सोडा. दिवसाला तीस लिटर एवढ्या तळ्यातून गेलेलं कळतसुद्धा नाही.

आणि माळाचं काय

परात म्हणजे उन्हाळ्याची मलमपट्टी. पाणी खरं धरतं ते गवत, आणि इथं मला माझ्याच धंद्याविरुद्ध बोलायचंय.

आमच्याकडं पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि सप्टेंबर हा त्यातला खरा महिना. माळावर माती वीतभर, खाली मुरूम. मी अशा माळावर ओळीनं चर काढलेत. बकेट मातीखाली जाते, मुरूम वर येतो, चराच्या कडेला मुरमाचा ढीग राहतो. त्या ढिगावर पुढची कितीतरी वर्षं कुसळी गवतसुद्धा धड उगवत नाही. चरात लावलेली रोपं पहिल्या उन्हाळ्यात जातात. राहिलंच तर ग्लिरिसिडियाचं झाड राहतं, आणि ते वाढलं की उघड्यावर राहणारं पाखरू तिथून उठतं. एका कामावर मुकादमानं ‘लाईन सरळ पाहिजे’ म्हणून मला ज्या जागेवरून बकेट न्यायला लावली, तिथून एक मादी शेवटच्या क्षणी उडाली होती. मी थांबवलं नाही. अंडी होती की नाही हेही उतरून बघितलं नाही.

पटत नसेल तर हे करून बघा. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याची दोन्ही तोंडं कापा. एकदा पवन्या-मारवेलच्या गवतात, एकदा उघड्या, चरून खरवडलेल्या जमिनीत दोन इंच ठोकून बसवा आणि दोन तांबे पाणी ओता. मी आणि आण्णांनी केलं. गवतातल्या डब्यातलं पाणी आमचा चहा होईपर्यंत गेलं. उघड्या जागेवर भाकरी खाऊन हात धुतले तरी डब्यात पाणी दिसत होतं. ओढ्याला जोरात पळणारं आणि बांध फोडणारं पाणी ते हेच.

म्हणून माळावर चर नको, झाडं नकोत. अडवायचं असेल तर माळ संपून घळ सुरू होते तिथं दगडांचे छोटे बांध घाला, कमरेच्या खाली, सिमेंटशिवाय, वरून खाली क्रमानं. माळाचे दोन भाग करा: पावसाळ्यात एक भाग चरायला, दुसरा राखलेला, पुढच्या वर्षी अदलाबदल. मेंढरं पूर्ण बंद करू नका. गुडघाभर दाट गवतात पखुर्डी बसत नाही, तिला चरलेली, खडेवाळूची जागाही लागते. राखलेलं गवत दिवाळीनंतर, बी झडल्यावर कापा, बुडखा चार बोटं ठेवा, मधे पट्टे न कापता सोडा. त्याच बियांवर पखुर्डी उन्हाळा काढते. वणवा लावू नका. बहात्तरच्या दुष्काळानंतर नान्नजला कुरणं राखली, तिथंच माळढोक टिकला होता हे आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना चांगलं आठवतं.

वेडी बाभूळ मात्र काढा, आणि नुसती तोडू नका, तोडली की चौपट फुटते. जुलैत जमीन ओली असताना मुळासकट उपटायची. यासाठी जेसीबी चालतो, पण एकेक झाड धरून, माळभर फिरवून नाही, आणि खड्डा तिथल्या तिथं बुजवायचा. तासाचे पैसे मी या कामाला निम्मे घेतो. डिझेल तेवढं मालकाचं.

पहिला मोठा पाऊस झाला की परात भरणं बंद करा. माळभर डबकी होतात, थवे पांगतात, एका जागी पाणी ठेवलं तर कुत्र्यांची सवय तेवढी वाढते. गाळ काढून परात तशीच सोडा, फेब्रुवारीत पुन्हा घासायची. गेल्या वर्षीच्या वहीत उजव्या पानावरच्या शेवटच्या दोन ओळी अशा आहेत: ‘९ जून, ७.४०, एकतीस. दोन नर पोट भिजवून गेले, पूर्वेला.’ आणि ‘१२ जून. रात्री पाऊस. कोणी आलं नाही.’